पत्त्याचा रकाना आणि भटक्यांचे आरोग्य

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजेच एनएचएस, १९४८ पासून करांच्या पैशावर चालते आणि डॉक्टरकडे जाणाऱ्याला तिथे फी मोजावी लागत नाही. तरीही जिप्सी, रोमा आणि ट्रॅव्हलर या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या समाजांची प्रकृती इतरांपेक्षा बरीच खालावलेली आढळते. हे तीन समाज एकाच मुळाचे नाहीत. जिप्सी आणि रोमा यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले आणि त्यांची रोमानी भाषा मराठी-हिंदीच्याच कुळातली आहे. त्यांपैकी जिप्सी सोळाव्या शतकापासून ब्रिटनमध्ये आहेत, तर रोमा म्हणजे मुख्यतः गेल्या काही दशकांत पूर्व युरोपातून आलेली कुटुंबे. आयरिश ट्रॅव्हलर मात्र मूळचे आयर्लंडमधलेच भटके आहेत.

या सेवेत शिरण्याचे मुख्य दार म्हणजे जीपी. जीपी हा आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरसारखाच, फरक एवढा की त्याच्या यादीत नाव नोंदवल्याशिवाय आणि त्याच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञापर्यंत सहसा पोहोचता येत नाही. इंग्लंडमधील नियमांनुसार नावनोंदणीसाठी पत्त्याचा किंवा ओळखीचा पुरावा बंधनकारक नाही. पण दवाखान्याच्या खिडकीशी बसलेला कर्मचारी वीजबिल किंवा पासपोर्ट मागतो, आणि कॅरॅव्हानमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहणाऱ्याकडे ते नसल्यास त्याला परत पाठवले जाते. नियम कागदावर उदार असला, तरी तो मोडणाऱ्याला त्याची झळ क्वचितच लागते. नोंदणी झालीच, तर पुढे तपासणीच्या तारखा टपालाने किंवा संदेशाने कळवल्या जातात. शाळा अर्धवट सुटलेल्या अनेक मोठ्यांना ती पत्रे वाचता येत नाहीत, आणि पत्र पोहोचेपर्यंत कुटुंबाला मुक्काम हलवावा लागला असेल, तर तारीख चुकते व नाव यादीतून वगळले जाते. लसीकरणाचे डोस अर्धवट राहतात ते याच वाटेने, आणि गोवराच्या साथी या वस्त्यांत पुन्हा पुन्हा येतात.

मुक्काम हलवणे नेहमी स्वखुशीचे नसते. १९६८ च्या कायद्याने भटक्यांसाठी तळ उपलब्ध करून देण्याची जबाबदारी स्थानिक परिषदांवर टाकली होती; १९९४ मध्ये ती काढून घेतली गेली, आणि २०२२ च्या कायद्याने परवानगीशिवाय तळ टाकणाऱ्यांची वाहने, म्हणजे पर्यायाने घरेच, जप्त करण्याचे अधिकार पोलिसांना मिळाले. मग स्थिर घरात राहिल्याने प्रश्न सुटावा, असे वाटते. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समधील जिप्सी व आयरिश ट्रॅव्हलरांपैकी साधारण एक चतुर्थांश लोकच कॅरॅव्हानसारख्या निवाऱ्यात राहत होते. बाकीचे घरांत स्थिरावले होते. पण शेफील्ड विद्यापीठाच्या २००४ मधील पाहणीत घरात राहणाऱ्यांमध्येच दीर्घ आजार व चिंताविकार अधिक आढळले. आजारी माणूसच आधी घर स्वीकारतो, हे त्याचे एक कारण असू शकते. गोतावळ्यापासून तुटणे हे दुसरे.

२०११ ची जनगणना जिप्सी व आयरिश ट्रॅव्हलरांना स्वतंत्र रकाना देणारी पहिली होती, आणि रोमांना तो २०२१ मध्ये मिळाला. एनएचएसच्या नोंदवह्यांत मात्र जुनीच वांशिक वर्गवारी चालत राहिली, त्यामुळे त्यांच्या आजारांची राष्ट्रीय आकडेवारी उभीच राहिली नाही.

अनेक लेखांत या समाजांच्या खालावलेल्या प्रकृतीचा दोष त्यांच्या रूढींना दिला जातो. त्यांचे सोवळे-ओवळे कडक असते, हे खरे: अंग धुण्याचे आणि भांडी धुण्याचे पात्र एक चालत नाही, गर्भारपणाविषयी पुरुषांसमोर बोलणे अप्रशस्त मानले जाते, आणि मरणासन्न माणसाभोवती साऱ्या गोताने जमायचे असते, जे रुग्णालयाच्या भेटीच्या नियमांत बसत नाही. पण एवढ्याने कोणी डॉक्टर टाळत नाही, आणि मराठी वाचकाला तर यातले फारसे काही परके वाटू नये. दवाखान्याविषयीच्या अविश्वासाची मुळे अधिक खोल आहेत. चेकोस्लोव्हाकियात आणि नंतर चेक प्रजासत्ताकात रोमा स्त्रियांवर त्यांच्या खऱ्या संमतीशिवाय नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. चेक सरकारने २००९ मध्ये खेद व्यक्त केला, पण अशा पीडित स्त्रियांना तीन लाख कोरुना भरपाई देणारा कायदा व्हायला २०२१ उजाडले. ज्यांच्या आया-मावशांनी हे भोगले, त्यांनी सुईकडे संशयाने पाहिले तर त्याला अडाणीपणा म्हणता येणार नाही.

आयर्लंडने मोजणी केली, तेव्हा चित्र उघड झाले. २०१० च्या अखिल आयर्लंड ट्रॅव्हलर आरोग्य अभ्यासानुसार ट्रॅव्हलर पुरुषांचे आयुर्मान ६१.७ वर्षे, म्हणजे इतर पुरुषांपेक्षा सुमारे १५ वर्षांनी कमी होते; स्त्रियांच्या बाबतीत ही तफावत साडेअकरा वर्षांची होती, आणि दर हजार जन्मांमागे १४.१ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती, जिथे एकूण लोकसंख्येत हे प्रमाण ३.९ होते. या अभ्यासात घरोघरी जाऊन माहिती गोळा करणाऱ्या बहुतेक ट्रॅव्हलर स्त्रियाच होत्या. त्यामागे डब्लिनच्या पॅव्ही पॉइंट या संस्थेने १९९४ मध्ये सुरू केलेला उपक्रम होता, ज्यात समाजातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन, आपल्याकडच्या आशा सेविकांप्रमाणे, वस्ती आणि दवाखाना यांच्यामध्ये कामाला लावले गेले आणि त्यांच्या कामाचा मोबदलाही दिला गेला. पुढे हा उपक्रम आयर्लंडच्या इतर भागांतही पसरला.