शेवळं आपल्या ताटात, जमीन कोणाच्या नावावर?

जूनचा पहिला पाऊस पडून गेला की डोंबिवली स्टेशनबाहेर शेवळं येतात. कसारा आणि कर्जत लाइनवरच्या पाड्यांतल्या बायका पहाटेची गाडी धरून येतात, फडकं पसरून जुड्या मांडतात. शेजारी काकडांचे वाटे, कारण काकडांवाचून शेवळं घशाला खाजतात. पाठोपाठ कुर्डू, टाकळा, भारंगी, फोडशी आणि मग कंटोली. शेवळांची कणी वर्षातून एकदा तरी झालीच पाहिजे, असं मानणारी घरं डोंबिवलीत पुष्कळ आहेत. ‘जुडी केवढ्याला?’ एवढं विचारून आपण पुढे जातो. ज्या रानातून ती भाजी आली त्या रानावर विकणारीचा हक्क काय, हे विचारायचं राहून जातं.

या विक्रेत्या बहुतेक ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी समाजांच्या. ठाणे जिल्ह्याचा डोंगरी भाग त्यांच्या पूर्वजांनी कसला. इंग्रजांच्या 1878 च्या वन कायद्याने त्यातलं बरंच रान सरकारी झालं. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, म्हणजे राब करायचा, तर टहाळ लागतो. तो तोडणंच गुन्हा ठरू लागलं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका आरडाओरडा झाला की 1885 मध्ये सरकारला चौकशीसाठी मुंबई वन आयोग नेमावा लागला. रान मात्र सरकारकडेच राहिलं आणि सखल भागातली सुपीक भातजमीन सावकार-जमीनदारांकडे सरकत गेली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणाऱ्याला ‘लग्नगडी’ म्हणत. मालकाची वेठ तर सगळ्यांनाच होती.

आपल्या डोंबिवलीकडून कसारा लोकल धरली की टिटवाळा लागतं. आपण तिथे गणपतीला जातो. याच टिटवाळ्यात जानेवारी 1945 मध्ये किसान सभेची परिषद भरली आणि उंबरगाव तालुक्यातले मूठभर वारली तिला हजर राहिले. त्यानंतर किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्या पाड्यांवर गेले. त्या वर्षीच वेठ बंद झाली. पुढची मागणी साधी होती, पाचशे पौंड गवत कापण्यामागे अडीच रुपये. ते गवत मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशींना जायचं, म्हणजे शहराच्या दुधाची किंमत तेव्हाही वारली मजूरच मोजत होता. ऑक्टोबर 1945 मध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण मारले गेले. कितीही वेळा वाचलं तरी हे मला पचत नाही.

स्वातंत्र्यानंतर कूळ कायदा आला आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला. कसणाऱ्याची जमीन झाली खरी, पण ज्याचं कूळ म्हणून नाव लागलं होतं त्याचीच. कातकरी बहुतेक ठिकाणी कूळ नव्हता, गडी होता. त्याच्या पदरात काही पडलं नाही. कित्येक कातकरी वाड्यांची घरं आजही दुसऱ्याच्या जमिनीवर उभी आहेत आणि जमिनीला भाव चढला की पहिली नोटीस त्यांनाच येते. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय विकता येऊ नये म्हणून 1974 मध्ये कायदा कडक झाला. पण मुळात जमीनच नसलेल्याला त्याचा काय उपयोग?

वंशाने ज्यांना खालचं ठरवलं त्यांच्याकडून जमीन कागदाच्या वाटेने जाते, हे जगभर दिसतं. अमेरिकेत 1920 मध्ये सव्वानऊ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय शेतकरी होते, आज पन्नास हजारही नाहीत. कर्ज देताना सरकारी खात्याने केलेल्या भेदभावाबद्दल तिथे 1999 मध्ये न्यायालयात मोठी तडजोड झाली. तोवर बहुतेकांची शेती गेली होती.

आपल्याकडचा कागद म्हणजे वनहक्क कायदा, 2006. वनजमीन 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसणाऱ्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळतो, पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावं लागतात, आणि तो वारशाने मिळतो पण विकता येत नाही. गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्कही त्यात आहे. दावा ग्रामसभेतून सुरू होतो, मग उपविभागीय समिती, मग जिल्हाधिकाऱ्यांची समिती. जुनी विहीर, स्मशान, गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब हेही पुरावे म्हणून नियमांत नमूद आहेत. तरी दंडाची पावती किंवा नकाशा नाही म्हणून दावे फेटाळले जातात किंवा कसलेल्या जमिनीच्या तुकड्यावरच पट्टा मिळतो. मार्च 2018 मध्ये नाशिकहून हजारो आदिवासी शेतकरी मुंबईपर्यंत चालत आले, वनहक्काचे दावे मंजूर व्हावेत ही त्यांची एक मुख्य मागणी होती. दहावीच्या मुलांना सकाळी परीक्षेला जाताना त्रास नको म्हणून ते शेवटचा टप्पा रात्रीच चालले.

यात एक अडचण फार कमी बोलली जाते. पावसाळ्यात घरातलं धान्य संपतं, तेव्हा कातकरी कुटुंब भट्टीवाल्याकडून उचल घेतं. दिवाळी झाली की ते भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातं आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततं. आपल्या वस्त्या ज्या विटांवर वाढल्या त्या पाडणारे हे हात. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद आहे, पण उचल फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नसेल तर त्याला दुसरं काय म्हणायचं? आणि पाड्यावर माणूसच नसताना मोजणी झाली, सभा झाली, तर दावा कोण मांडणार?

म्हणून वनहक्काच्या ग्रामसभा आणि मोजण्या दिवाळीच्या आत, कुटुंबं घरी असताना झाल्या पाहिजेत. खावटी, म्हणजे पावसाळ्यातल्या पोटापाण्यासाठीची सरकारी मदत, वेळेवर पोचली तर उचलीची गरजही कमी होईल. आणि डोंबिवलीकरांनी आपल्या पालिकेकडे एक गोष्ट मागायला हवी. स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाले नकोत, असा उच्च न्यायालयाचा 2017 चा आदेश आहे. तो पाळायचाच. पण जून ते सप्टेंबर रानभाजी विकणाऱ्या बायांना त्या हद्दीबाहेर, चालत जाता येईल अशी, छप्पर असलेली ठरावीक जागा 2014 च्या पथविक्रेता कायद्याखाली देता येते.