किरकोळ मारहाण आणि अटकेचे औचित्य : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात एक विचार

पतीने पत्नीस मारले, अंगावर मुका मार आहे, रक्त आलेले नाही. अशी फिर्याद पोलीस ठाण्यात आली असता मारणाऱ्यास अटक करावी की करू नये? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु त्यात एकीकडे व्यक्तिस्वातंत्र्याचे तत्त्व व दुसरीकडे एका स्त्रीच्या जीविताचे रक्षण गुंतलेले आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या ग्रामीण तालुक्यांत या प्रश्नाचे उत्तर कोणत्या निकषावर शोधावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम कायद्याची व्यवस्था पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. पूर्वीच्या कलम ३२३ प्रमाणेच तिच्या कलम ११५(२) खालील साधी दुखापत हा अदखलपात्र अपराध आहे. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसांस त्याचा तपासही करता येत नाही, मग अटक तर दूरच. ठाणे अंमलदार अदखलपात्र नोंद करतो व फिर्यादी स्त्रीस न्यायालयात दाद मागण्याची समज देतो. याउलट १९८३ साली दंड संहितेत घातलेले कलम ४९८-अ, म्हणजे आताची कलमे ८५ व ८६, दखलपात्र व अजामीनपात्र असून त्याखाली तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तथापि प्रत्येक चापट म्हणजे त्या कलमातील ‘क्रूरता’ नव्हे. स्त्रीस आत्महत्येस प्रवृत्त करील, किंवा तिच्या जीवितास अथवा आरोग्यास गंभीर धोका पोहोचवील असे हेतुपुरस्सर वर्तन, अथवा मालमत्तेच्या बेकायदा मागणीसाठी केलेला छळ, एवढ्यांचाच तीत समावेश होतो.

दखलपात्र गुन्ह्यातही अटक आपोआप होत नाही. अर्नेशकुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बजावले की, सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या अपराधात यांत्रिकपणे अटक करता कामा नये. पुन्हा अपराध घडू नये, तपास नीट व्हावा, पुरावा नष्ट होऊ नये, साक्षीदारास धमकावले जाऊ नये, आरोपी न्यायालयात हजर राहावा, यांपैकी एखाद्या कारणासाठी अटक आवश्यक असली पाहिजे. हीच तत्त्वे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहेत. अटक केल्यास तिची कारणे लिहावयाची असतात. न केल्यासही लिहावयाची असतात. हा उत्तरार्ध अभ्यासकांनी विशेष ध्यानात घ्यावा. अटक ही शिक्षा नसून प्रतिबंध आहे, हे एकदा मान्य केले म्हणजे जखमेची खोली हे तिचे माप राहत नाही. पुढचा प्रहार होण्याचा संभव किती, हे माप ठरते.

अटकेने हा संभव खरोखर कमी होतो काय? अमेरिकेतील मिनियापोलिस येथे १९८१-८२ साली शर्मन व बर्क यांनी या प्रश्नावर प्रयोग केला. पोलिसांच्या नोंदींनुसार सहा महिन्यांत अटक झालेल्यांपैकी सुमारे १० टक्के, समज दिलेल्यांपैकी १९ टक्के, व काही तास घराबाहेर धाडलेल्यांपैकी २४ टक्के पुरुषांनी पुन्हा हिंसा केली. परंतु पुढे मिल्वॉकी येथील प्रयोगात असे दिसले की, नोकरी असलेले पुरुष अटकेने आवरतात, बेकार पुरुषांत मात्र हिंसा उलट वाढते. ज्याला समाजात गमावण्यासारखे काही आहे त्यालाच अटकेचा धाक वाटतो, असा याचा अर्थ घेता येईल.

हे अनुमान आपल्या तालुक्यांस जसेच्या तसे लावता येणार नाही, तरी ते विचारास प्रवृत्त करते. येथील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने जोडप्याच्या एकत्र कामावर मिळते. समजा, असे एक कुटुंब मुरबाडहून भिवंडीकडील भट्टीवर गेले आहे. तेथे पतीस अटक झाली तर जोडी मोडते, उचल मात्र फिटत नाही. ती स्त्री मुलांसह मालकाच्या आवारात एकटी उरते. अटक झाली नाही तर त्याच झोपडीत रात्र काढावयाची. शिवाय गावाकडील मारहाणीची नोंद मुरबाड वा टोकावडे ठाण्यात असते. भट्टीवरील मारहाण दुसऱ्याच ठाण्याच्या हद्दीत घडते. प्रत्येक ठाण्यास ती ‘पहिलीच’ व ‘किरकोळ’ दिसते.

म्हणून पुढील निकष सुचवावेसे वाटतात. पहिला, पुनरावृत्ती : फिर्याद येताच मागील अदखलपात्र नोंदी, अन्य ठाण्यांतीलसुद्धा, पाहाव्यात. सुट्या पाहता साध्या भासणाऱ्या चार नोंदी एकत्र वाचल्या असता आरोग्यास धोका पोहोचवणारी क्रूरता सिद्ध करू शकतात. दुसरा, प्रहाराचे स्वरूप : गळा आवळल्यास बाहेर खूण न उमटताही प्राणावर बेतते, गर्भवतीस झालेली मारहाण किंवा जिवे मारण्याची धमकीही याच वर्गात पडते. तिसरा, आदेशभंग : कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ याखालील संरक्षण आदेश मोडणे हा दखलपात्र व अजामीनपात्र अपराध आहे, तेथे मार किती लागला हा प्रश्न गौण ठरतो. चौथा, आजच्या रात्रीची सुरक्षितता : तिला माहेरी अथवा आश्रयगृही सुखरूप पोहोचता येईल काय?

यांपैकी काहीही आढळत नसेल, तर केवळ संतापाच्या भरात घडलेल्या एका चापटीसाठी अटक करणे न्याय्य नव्हे, आणि कायद्यास धरूनही नव्हे. तेव्हा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अंतरिम आदेशाचा व निवासाच्या हक्काचा मार्ग मोकळा असतो. गावपातळीवर पोलीस पाटील आणि २००७ पासूनच्या मोहिमेतील तंटामुक्त समित्या समेट घडवू शकतात. परंतु ज्या समेटात मागील मारहाणीची नोंदच पुसली जाते, तो समेट पुढील मारहाणीस ‘पहिली’ ठरवून जातो. नव्या संहितेच्या कलम १७४ प्रमाणे अदखलपात्र प्रकरणांचे दैनंदिनी अहवाल दर पंधरवड्यास न्यायदंडाधिकाऱ्याकडे धाडावयाचे असतात. तेथे एकाच स्त्रीचे नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर ते वाचणाऱ्याने थांबले पाहिजे. ‘किरकोळ’ हे विशेषण जखमेस लागू पडेल. ते धोक्यास लावण्यापूर्वी मागची पाने उलटून पाहणे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.