चाकाचे नट: घट्ट म्हणजे किती घट्ट?

मोटारीचे चाक हबवर नटांमुळे टिकते हे सर्वांना माहीत असते; ते कसे टिकते याची कल्पना मात्र बहुधा चुकीची असते. हबमधून बाहेर आलेल्या स्टडवर रिम खुंटीसारखी अडकलेली आहे, गाडीचे वजन त्या स्टडवर लोंबकळते आहे आणि नट केवळ चाक निसटू देत नाही, असे चित्र अनेकांच्या मनात असते. प्रत्यक्षात रिमची भोके स्टडपेक्षा थोडी मोठी असतात. नट आवळला की पोलादी स्टड मिलिमीटरच्या काही शतांशांइतका ताणला जातो. ताणलेले पोलाद मूळ लांबीवर यायला बघते आणि त्या ओढीने रिम हबवर दाबली जाते. या दाबामुळे दोन्ही पृष्ठभागांत जे घर्षण निर्माण होते, ते गाडीचे वजन, ब्रेकचा हिसका आणि इंजिनाचा जोर पेलते. स्टडवर आडवा भार येणे अपेक्षितच नसते.

हा दाब किती असतो? १२ मिलिमीटर जाडीच्या स्टडवर कोरडा नट १०० न्यूटन-मीटर टॉर्कने आवळला, तर स्टडमध्ये साधारण ४२ हजार न्यूटन, म्हणजे चार टनांहून थोडा जास्त ताण येतो. चार नटांचे मिळून सोळा-सतरा टन. घर्षणाचा गुणांक अगदी बेताचा, ०.१५ धरला तरी ती पकड अडीच टनांची होते. छोट्या मोटारीच्या एका चाकाच्या वाट्याला उभी असताना जेमतेम पाव टन येतो. खड्डे, वळणे, करकचून लावलेला ब्रेक हे सगळे उरलेल्या फरकात सामावते.

हे लक्षात घेतले की ‘जितके घट्ट तितके चांगले’ हा सर्वांत रुळलेला गैरसमज तपासता येतो. पंक्चर काढून झाल्यावर पान्यावर पाय देऊन, प्रसंगी उभे राहून नट पिळण्याची पद्धत सर्रास दिसते. हेतू चांगला असतो, हिशेब चुकतो. ७० किलो वजनाचा माणूस ३० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकावर उभा राहिला, तर टॉर्क सुमारे २०० न्यूटन-मीटर होतो. त्याने १२ मिलिमीटरच्या स्टडमध्ये ८० हजार न्यूटनांहून जास्त ताण येतो. १०.९ या ताकदवर्गातला चांगला स्टडही सुमारे ७३ हजार न्यूटनांपर्यंतच निर्धोकपणे ताणून परत मूळ लांबीवर येतो. त्यापलीकडे तो कायमचा लांबतो, आटे बिघडतात, आणि पुढे कधीतरी तो चालत्या गाडीत तुटतो. अतिघट्ट नट म्हणूनच सैल नटाइतकाच धोक्याचा. शिवाय रात्री घाटात पंक्चर झाले, की डिकीतल्या आखूड पान्याने तो नट हलत नाही, हा त्रास वेगळाच.

गाडीसोबत मिळणारा आखूड पाना पाहून अनेकांना ती कंपनीची काटकसर वाटते. २५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला हाताने ४० किलोचा जोर लावला तर ९८ न्यूटन-मीटर मिळतात. बहुतेक छोट्या मोटारींची गरज याच्या आसपासच असते. पान्यात पाइप घालून तो लांब केला की हातालाही अंदाज राहत नाही. रस्त्यात स्टेपनी लावताना हाताने नेटाने आवळावे, पाय आणि पाइप टाळावेत, आणि पहिल्या संधीला टॉर्क रेंचने नट पक्के करून घ्यावेत.

नेमका आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेत छापलेला असतो आणि तो सगळ्या गाड्यांना सारखा नसतो. टोयोटा कोरोलाला १०३, होंडाच्या बहुतेक मोटारींना १०८, तर फोक्सवॅगनच्या १४ मिलिमीटर बोल्टना १२० न्यूटन-मीटर लागतात. आटेही वेगळे असतात. टोयोटा आणि होंडाच्या मोटारींत प्रामुख्याने १.५ मिलिमीटर अंतराचे, तर सुझुकीच्या मोटारींत १.२५ अंतराचे. दोन्ही नट बाहेरून सारखेच दिसतात. एकाचा दुसऱ्यावर जोराने चढवला तर दोघांचेही आटे जातात.

हवेच्या गनने आवळलेला नट म्हणजे व्यावसायिक काम, अशीही समजूत असते. नट काढायला गन उत्तम. आवळताना मात्र साधी गनही गरजेच्या कित्येक पट टॉर्क देऊ शकते, आणि तो किती दिला गेला हे वापरणाऱ्याला कळत नाही. काही दुकानांत गननंतर टॉर्क रेंच लावून ‘टक’ असा आवाज ऐकवतात. ही शहानिशा अर्धीच आहे. ठरवलेल्या आकड्यापर्यंत नट पोचला आहे एवढेच रेंच सांगतो; गनने आधीच दुप्पट आवळला असेल तरी आवाज तोच येतो. नट हाताने फिरवून बसवावा, गन वापरलीच तर हलकी वापरावी आणि शेवटची पकड रेंचने द्यावी. रेंच आधीच न हलता वाजला, तर नट सैल करून पुन्हा आवळण्याला पर्याय नाही.

आट्यांना तेल किंवा ग्रीस लावण्याची सवय कोकणपट्टीत विशेष आढळते, कारण खाऱ्या हवेत आणि पावसात नट गंजतात. पण नट आवळताना लावलेल्या जोराचा साधारण नव्वद टक्के भाग घर्षणातच खर्च होतो. स्टड ताणायला जेमतेम एक दशांश उरतो. तेलाने घर्षण घटले की तोच आकडा लावूनही स्टडमधला ताण तिसऱ्या हिश्शाने वाढू शकतो. पुस्तिकेतले आकडे सहसा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतात. गंजलेले आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत, फार खराब झालेला नट बदलावा. रिम हबला चिकटू नये म्हणून ग्रीस लावायचेच असेल, तर हबच्या मधल्या उंचवट्यावर बोटाने अगदी पातळ लावावे. आट्यांवर आणि नटाच्या बैठकीवर नाही.

नट आपोआप सैल होतो तेव्हा दोष ‘व्हायब्रेशन’ला दिला जातो. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोगांनी दाखवले, की जोडलेले भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की आट्यांतली पकड सुटते आणि नट हळूहळू उलटा फिरतो. म्हणजे दाब पुरेसा असेल आणि रिम हबवर सरकतच नसेल, तर नुसत्या हादऱ्याने नट सहसा सुटत नाही. सरकण्याला वाव कुठून मिळतो, हे शोधावे लागते. बहुतेक वेळा कारण हब आणि रिम यांच्या मध्ये असते: गंजाचे पापुद्रे, वाळलेला चिखल, रिमला नव्याने मारलेला जाड रंग. आवळताना हे थर दबत नाहीत, चार दिवस गाडी पळाली की चुरगळतात, आणि तेवढ्याने स्टडचा ताण उतरतो. चाक लावण्यापूर्वी दोन्ही पृष्ठभाग घासून पुसणे हे नट आवळण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे, आणि नेमके तेच सर्वाधिक टाळले जाते.

एकापाठोपाठ शेजारचा नट आवळत गेले तरी चालते, हाही गैरसमज. तसे केल्यास रिम एका बाजूने आधी टेकते आणि तिरकी बसते. चार नट असतील तर समोरासमोरचे, पाच असतील तर एक सोडून एक, चांदणी काढावी तसे, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. बहुतेक मोटारींत ब्रेकची डिस्क हब आणि रिम यांच्या मध्येच दाबलेली असते. असमान दाबाने तिला किंचित डोल येतो, काही हजार किलोमीटरनंतर तिची जाडी कमीजास्त होते, आणि मग ब्रेक दाबताना पेडल थरथरते.

जॅकवर उचललेल्या चाकाचे नट पूर्ण आवळू नयेत. चाक फिरते आणि गाडी जॅकवरून घसरू शकते. हवेत असताना ते फक्त बसवून घ्यावेत, टायर जमिनीला टेकल्यावर शेवटचा जोर द्यावा. काढतानाही अर्धा फेरा सैल करणे जमिनीवरच.

लोखंडी रिमच्या जागी अलॉय व्हील लावताना जुनेच नट चालतील असे गृहीत धरले जाते. नटाची बैठक कुठे शंकूसारखी, कुठे गोलाकार, कुठे वॉशरसह सपाट असते. होंडाच्या मूळ रिम गोलाकार बैठकीच्या, तर बाजारातल्या बहुतेक अलॉय शंकूच्या. जोडी चुकली की नट रिमला केवळ कडेवर टेकतो आणि टॉर्कचा आकडा बरोबर येऊनही पकड खोटी ठरते. आट्यांची लांबीही पाहावी लागते. १२ मिलिमीटरच्या स्टडवर नट निदान १२ मिलिमीटर चढला पाहिजे, म्हणजे १.५ अंतराच्या आट्यांवर आठ पूर्ण फेरे. जाड अलॉय किंवा मध्ये घातलेली स्पेसरची चकती यांमुळे हे फेरे कमी पडू शकतात.

चाक एकदा नीट लावले की पुन्हा बघायला नको, असे मानणारे पुष्कळ आहेत. नवे भाग एकमेकांवर बसताना थोडा ताण उतरतोच. म्हणून ८० ते १६० किलोमीटरनंतर, चाक थंड असताना, टॉर्क रेंच पुन्हा एकदा लावावा. त्याआधीच मंद वेगात चाकाकडून टकटक ऐकू आली किंवा स्टिअरिंग थरथरू लागले, तर गाडी तिथेच थांबवून नट पाहावेत. सैल नटांवर गाडी बरीच पळाली असेल आणि रिमची भोके लांबट झाली असतील, तर ती रिम पुन्हा आवळून उपयोग नाही; रिम आणि त्या चाकाचे सगळे स्टड बदलावे लागतात.