‘स्पायडर बेबी’चा रविवार

सकाळी नऊ
संध्याकाळी आमच्या फिल्म सोसायटीत ‘स्पायडर बेबी’ आहे. प्रत तपासण्याचं काम माझ्याकडे. प्रोजेक्टरचा ब्राइटनेस थोडा जरी चढला तरी कृष्णधवल चित्रातला काळा राखाडी पडतो, आणि या सिनेमाची निम्मी भीती त्या काळ्यातच आहे. तळघराचा अंधार मनासारखा दिसेपर्यंत आकडे खाली आणत राहते.

साडेदहा
प्रेक्षकांना वाटायचं टिपण. जॅक हिल यांनी हा सिनेमा 1964च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये, सुमारे 65 हजार डॉलर्समध्ये, जेमतेम 12 दिवसांत चित्रित केला. हायलँड पार्कमधलं टेकडीवरचं एक जुनं घर मिळालं, तेच मेरी घराण्याचा वाडा झालं. पुढे निर्मात्यांचं दिवाळं निघालं आणि सिनेमा काही वर्षं डब्यात पडून राहिला.

गोष्ट इस्टेटीची. या घराण्यात एक आनुवंशिक रोग आहे: दहाव्या वर्षाच्या आसपास मुलांची बुद्धी मागे जायला लागते, ती नरभक्षणापर्यंत. मालक वारले. त्यांना दिलेल्या शब्दापायी ड्रायव्हर ब्रूनो तिन्ही मुलांना सांभाळतोय. अशात दूरचे नातेवाईक वकील घेऊन वाड्यावर हक्क सांगायला येतात. भाऊबंदकी पाहिलेल्या प्रेक्षकाला यापुढे काही समजावून सांगायला नको.

दुपारी एक
डबा खाऊन आवाजाची चाचणी. त्यासाठी पाहुण्यांसोबतच्या जेवणाचं दृश्य लावलं आणि तिथेच अडकले. टेबलावर जुन्या भयपटांच्या गप्पा निघतात, वुल्फ मॅनचं नाव येतं, आणि ब्रूनो होऊन तिथे बसलेला असतो खुद्द लॉन चेनी ज्युनियर, 1941चा वुल्फ मॅन. त्याचं जन्मनाव क्रेटन. वडील लॉन चेनी मूकपटांतले थोर नट; 1930मध्ये ते गेल्यावर काही वर्षांनी मुलाला त्यांचंच नाव लावून पडद्यावर यावं लागलं. वारशाचं ओझं म्हणजे काय, हे या कलाकारांत त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणूनच मला हा सिनेमा त्याचाच वाटतो. टिपणात तेवढा परिच्छेद वाढवला.

चार
झेरॉक्स, पडदे, खुर्च्या.

साडेसहा
खेळ सुरू. तिन्ही मुलांपैकी व्हर्जिनिया दोरीचं जाळं टाकून कोळ्याचा खेळ खेळते तेव्हा लोक आधी हसले, सुऱ्या दिसल्यावर गप्प झाले. शेवटाकडे ब्रूनो मुलींशी बोलतो ते दृश्य मी बाजूला उभी राहून पाहिलं. कॅमेरा चेनीच्या चेहऱ्यापाशी थांबतो. थकलेला, सुजलेला चेहरा, डोळ्यांत खरं पाणी. स्वस्तातल्या भयपटात कुणी एवढं मागितलं नसतं, त्याने दिलं.

सव्वाआठ
चर्चा. मागच्या रांगेतल्या काकांनी विचारलं, “मुलांसकट वाडा उडवून देणारा हा माणूस पालक कसा?” एक कॉलेजची मुलगी तडक म्हणाली, “काका, नातेवाइकांना घर हवं होतं. मुलं फक्त त्यालाच हवी होती.” काकांना ते पटलं नाही. मला मुलीचं म्हणणं पटतं, पण काकांचा प्रश्नही खोडता येत नाही, कारण शब्द पाळण्यासाठी ब्रूनोने त्याआधी खूनही झाकलेत. वाद पाऊण तास चालला. पुढच्या महिन्यासाठी ‘द वुल्फ मॅन’ एकमताने ठरला. उद्या त्याच्या परवानगीचं पत्र लिहायचंय.