चित्रात पाहणाऱ्याची जागा

फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातली दोन चित्रं शेजारी ठेवून पाहू. दोन्हींत सिंहासनावर मेरी, मांडीवर बाळ येशू, मागे सोनेरी रंग. चिमाबुएच्या चित्रात (सुमारे १२८०-९०) देवदूत एकावर एक रचल्यासारखे दिसतात. वीसेक वर्षांनंतरच्या जोत्तोकडे ते एकमेकांच्या मागे उभे आहेत, आणि वस्त्राखाली मेरीचे गुडघे जाणवतात. तिला वजन आलंय.

मग आधीच्यांना हे जमत नव्हतं का? तसं नाही. त्यांना स्वर्ग दाखवायचा होता. तिथे अंतर, सावली कशाला?

पुढे १४२७च्या सुमारास मासाच्चोने सान्ता मारिया नोवेल्ला चर्चच्या भिंतीवर ‘ट्रिनिटी’ रंगवलं. त्यातल्या कमानदार छताच्या रेषा लांबवल्या, तर त्या साधारण आपल्या डोळ्यांच्या उंचीवर एका बिंदूत मिळतात. विषय धार्मिकच राहिला. पण चित्र आता समोर उभ्या माणसाच्या जागेवरून मांडलं जाऊ लागलं.