सहा पांढरे कप

संपादकांचं म्हणणं असं, की हृदयरोगतज्ज्ञ परीक्षेत रुग्ण तपासून दाखवतो; माणूस आजारीच पडू नये हे ज्याचं काम, त्याची परीक्षा कशावर घेतात ते बघून या. म्हणून मी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात गेलो. दारावर पाटी 'जनऔषधवैद्यकशास्त्र विभाग'. हा शब्द आत कुणी उच्चारत नाही. शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे 'पीएसएम'च म्हणतात, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन.

असे विभाग प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात असावेत, हा 1946च्या भोर समितीचा आग्रह. आता इथे एमबीबीएसनंतर तीन वर्षं, एक प्रबंध, चार लेखी पेपर आणि मग प्रात्यक्षिक. त्यात रुग्णही असतो, पण क्षयरोग्याची छाती ऐकून सुटका नाही. घरात माणसं किती, झोपतात कुठे, खिडक्या समोरासमोर आहेत का, चूल आत की ओसरीवर, हे सगळं सांगावं लागतं. उत्पन्नावरून कुटुंबाचा स्तर ठरवणारं प्रसाद वर्गीकरणही लावायचं. ते 1961चं, म्हणून त्यातले रुपये महागाई निर्देशांकाने वाढवून घ्यायचे.

मी मात्र अडकलो एका पेटीपाशी. पुढच्या आठवड्यात परीक्षा असलेली शेवटच्या वर्षाची एक निवासी डॉक्टर ती पेटी उघडून सराव करत होती. विहिरीत जंतुनाशक पावडर किती टाकायची ते सांगणारं हॉरॉक्सचं उपकरण. ब्रिटिश सैन्यातले डॉक्टर विल्यम हॉरॉक्स यांच्या नावाचं. सहा पांढरे कप, आत गोल रेघ असलेला एक काळा कप, दोन ग्रॅमचे चमचे, काचेच्या कांड्या, ड्रॉपर. वीज नाही, बॅटरी नाही.

तिने चमचाभर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, सपाट करून काळ्या कपात घेतली, थोड्या पाण्यात कालवली, रेघेपर्यंत पाणी भरलं आणि गाळ खाली बसू दिला. सहाही पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी. पहिल्यात वरच्या निवळीचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत. प्रत्येकाला वेगळी कांडी. मग अर्धा तास थांबायचं.

अर्ध्या तासाने तिने प्रत्येक कपात स्टार्च आयोडाइडचे तीन थेंब टाकले; क्लोरीन उरला असेल तर पाणी निळं होतं. पहिल्या कपात काहीच रंग नाही. दुसऱ्यात निळसर भास, जो धरायचा नसतो. तिसरा स्वच्छ निळा. तिसरा म्हणजे तीन चमचे, 455 लिटर पाण्याला सहा ग्रॅम. विहीर चार मीटर व्यासाची, पाणी तीन मीटर खोल धरलं, तर साधारण 37,700 लिटर. पावडर जवळजवळ अर्धा किलो.

"पावडर जुनी असेल तर?" मी विचारलं.

"तर निळा रंग पाचव्या कपात येईल," ती म्हणाली. "जी पावडर विहिरीत पडणार, तीच कपात घ्यायची."

मला या पेटीचं कौतुक वाटलं ते इथे. पोत्यात पडून टीसीएलमधला क्लोरीन उडत जातो. ही पेटी पाण्याची मलिनता आणि पावडरीचा दम एकदमच मोजते. गावात ओटी टेस्ट करतात, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. पण किती टाकायला हवं होतं ते ती सांगत नाही.

जानेवारी 2025मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गिया बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा तिथल्याच नांदेड गावच्या विहिरीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. अशा वेळी पीएसएमचे तज्ज्ञ आठवतात. एरवी? तामिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचं स्वतंत्र केडर आहे, पाठीशी 1939चा मद्रास कायदा आहे. 2017च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सगळ्याच राज्यांत असं केडर असावं असं सुचवलं. एमडी झाल्यावर काय करणार, असं विचारल्यावर तिने तीन बोटांवर मोजून दाखवलं: मेडिकल कॉलेजात सहायक प्राध्यापक, एखाद्या प्रकल्पावर कंत्राटी नोकरी, नाहीतर पुन्हा दवाखाना. पहिली मिळाली तर पुढच्या तुकडीला हीच पेटी शिकवायची.

"इंटर्न असताना प्राथमिक आरोग्य केंद्रात होते," कांड्या पुसता पुसता ती म्हणाली. "विहिरीवर जलसुरक्षक काका होते. त्यांनी विचारलं, 'मॅडम, किती टाकू?' मला सांगता आलं नाही. आता येतं."

"मग त्यांनी किती टाकली?"

"दोन मुठी," ती म्हणाली आणि काळा कप विसळायला नळाकडे गेली.