मासेमारीला शेतीचा दर्जा : कोळी बांधवांच्या पदरात नेमके काय?

२२ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी क्षेत्राच्या समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्या दिवशी आपणां सर्वांचे लक्ष रोमकडे लागले होते. आदल्याच दिवशी, पुनरुत्थान सोमवारी, पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले होते आणि धर्मग्रामांतून शोकसभा व मिस्सांची तयारी सुरू होती. त्यामुळे ही बातमी आपल्या किनाऱ्यावर पोहोचली ती उशिरा आणि अर्धवट. नंतर मात्र मिस्सा संपल्यावर ख्रिस्तमंदिराच्या पायऱ्यांवर प्रश्न येऊ लागले. ‘फादर, आता शेतकऱ्यांसारखी आमचीही कर्जमाफी होणार का?’ ‘बर्फाच्या कारखान्याचे वीजबिल उतरले तर बर्फ स्वस्त होईल का?’ एका वयस्क खलाशाने विचारले, ‘फादर, माझी बोट नाही, मी दुसऱ्याच्या बोटीवर जातो. मग मी शेतकरी झालो का?’ या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्या वेळी देता आले नाही. हा लेख त्याच निमित्ताने लिहीत आहोत.

प्रथम थोडे मागे जाऊ. आपल्या राज्यघटनेने मासेमारीची वाटणी दोन सूचींत केली आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या पाण्यातील मासेमारी हा राज्याचा विषय आहे. त्यापलीकडची मासेमारी केंद्राच्या अखत्यारीत येते. शेती हाही राज्याचाच विषय. तरीही शेतकरी आणि मच्छीमार यांच्याकडे पाहण्याची शासनाची दृष्टी आजवर एकसारखी नव्हती. शेतकऱ्याकडे सातबारा असतो. त्या एका कागदावर पीककर्ज मिळते, विजेचा वेगळा दर मिळतो, पीकविमा उतरवता येतो आणि अतिवृष्टी झाली की तलाठी पंचनाम्याला येतो. समुद्राचा सातबारा नाही. वसईचे पाचूबंदर व किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा, खाडीपलीकडचे उत्तन येथील डोलकरांनी पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या ‘कवी’ सांभाळल्या. कव म्हणजे भर समुद्रात खुंट ठोकून डोल जाळे लावण्याची ठरलेली जागा. कोणाची कव कोठे, हे गावाला ठाऊक असते; त्यावरून गावागावांत तंटेही होतात. पण बँकेच्या साहेबाला कव दाखवून तारण ठेवता येत नाही.

या भेदाची झळ डिझेलच्या बाबतीत फार तीव्रतेने बसली. जानेवारी २०१३ मध्ये केंद्र सरकारने घाऊक ग्राहकांसाठी डिझेलचे दर खुले केले. मच्छीमार सहकारी संस्था आपल्या पंपासाठी एकगठ्ठा डिझेल घेतात, म्हणून त्यांची गणना रेल्वे व कारखाने यांच्याबरोबर घाऊक ग्राहकांत झाली. रस्त्यावरच्या पंपावर मोटारवाल्याला जे डिझेल मिळे, त्यापेक्षा कोळ्याला ते लिटरमागे सुमारे १० रुपये महाग पडू लागले. मार्च २०२२ मध्ये पुन्हा तेच घडले. या खेपेला घाऊक दर एकदम २५ रुपयांच्या आसपास वाढला. राज्य शासन यांत्रिक नौकांच्या डिझेलवरील विक्रीकराचा परतावा देते हे खरे. पण परतावा म्हणजे आधी खिशातून भरायचे आणि मग वाट पाहायची. ही वाट पाहणे महिन्यांवरून वर्षांवर गेल्याचा अनुभव आपल्या संस्थांच्या जुन्या पदाधिकाऱ्यांना विचारावा.

या पार्श्वभूमीवर एप्रिल २०२५ च्या निर्णयाकडे पाहिले पाहिजे. शेतीला मिळणाऱ्या दराने वीज, कृषी दराने कर्ज, किसान क्रेडिट कार्ड, विमा आणि आपत्तीच्या वेळी साहाय्य अशा सवलती मत्स्यव्यवसायालाही मिळाव्यात, हा त्याचा गाभा आहे. निर्णय स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. मात्र सवलतीच्या प्रत्येक कलमाचा लाभ प्रत्येकाला सारखा होणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगावयास हवे. विजेची सवलत घ्या. तळ्यात कोळंबी किंवा गोड्या पाण्यातील मासे वाढवणाऱ्याला रात्रंदिवस पंप चालवावे लागतात. त्याला हा दर म्हणजे मोठा आधार. डोलकराची बोट विजेवर चालत नाही. त्याच्या खर्चात डिझेल, बर्फ, जाळी आणि खलाशांची मजुरी येते. बर्फ व शीतगृह स्वस्त झाले तरच विजेची सवलत फिरून त्याच्या दारी येईल. कर्जमाफीविषयी म्हणावे, तर ती कोणत्याही दर्जातून आपोआप मिळत नाही. प्रत्येक वेळी तिचा निर्णय स्वतंत्र असतो आणि त्याच्या अटीही स्वतंत्र असतात.

कर्जाचा विषय अधिक महत्त्वाचा आहे. किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने मच्छीमारांना खुली केली आणि ४ फेब्रुवारी २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने त्याचे परिपत्रक काढले. म्हणजे नवा दर्जा मिळण्याच्या सहा वर्षे आधीपासून हा हक्क होता! हे कार्ड नवी बोट बांधण्यासाठी नाही. डिझेल, बर्फ, मजुरी, बंदराचे शुल्क अशा हंगामी खर्चासाठी ते आहे. व्याजाचा दर ७ टक्के असून वेळेवर फेड करणाऱ्यास त्यात आणखी ३ टक्के सूट मिळते, म्हणजे प्रत्यक्षात ४ टक्केच भरावे लागतात. केवळ मत्स्यव्यवसायासाठी ही सवलत २ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावर ठरलेली होती. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डावरील व्याजसवलतीची एकूण मर्यादा ३ लाखांवरून ५ लाखांवर नेण्याची घोषणा झाली, तेव्हा सध्याची मर्यादा बँकेत विचारून घ्यावी. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या कृषी व पूरक व्यवसायांच्या कर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे.

हा आदेश आम्ही मुद्दाम नमूद करीत आहोत. काही काळापूर्वी एका किनारी धर्मग्रामातील बंधूबरोबर आम्ही स्वतः एका बँकेच्या शाखेत गेलो होतो. बोटीची नोंदणी, मासेमारीचा परवाना, संस्थेचे पत्र, सारे कागद हाती होते. शाखेतील अधिकाऱ्यांनी सौजन्याने बसवले, चहा पाजला आणि सातबारा मागितला. किसान कार्डाला शेत हवेच, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आम्ही परिपत्रकाचा उल्लेख केला तेव्हा ‘वरिष्ठांना विचारून कळवतो’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या खेपेला जाताना परिपत्रकाची छापील प्रत नेली आणि मग अर्ज घेतला गेला. तेव्हा अशी प्रत बरोबर नेणे उत्तम.

आता त्या वयस्क खलाशाकडे वळू. रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार सागरी मासेमारीसाठी कार्ड हवे असल्यास नोंदणीकृत बोट स्वतःची किंवा भाड्याने घेतलेली असावी लागते आणि परवाना असावा लागतो. स्वयंसाहाय्य गट व महिलांचे गट यांचा उल्लेख निकषांत आहे, त्यामुळे मासळी विकणाऱ्या आमच्या भगिनींना गटाच्या मार्गाने प्रयत्न करता येईल. परंतु एकट्या खलाशाला, ज्याच्याकडे दोन हातांखेरीज काही नाही, कार्डाचा मार्ग जवळपास बंद आहे. दर्जा व्यवसायाला मिळाला. सवलत मात्र ज्याच्या नावावर बोट, तळे वा कारखाना आहे त्याच्याकडे जाते. शेतमजुराची जी गत, तीच येथे खलाशाची.

त्याच्यासाठी जे आहे ते दुसऱ्या योजनेत आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अपघात विमा आहे. मासेमारीत मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये, कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी अडीच लाख आणि रुग्णालयाच्या खर्चासाठी २५ हजारांपर्यंत रक्कम मिळू शकते. हप्ता केंद्र व राज्य मिळून भरतात, खलाशाला एक पैसाही भरावा लागत नाही. पण त्याचे नाव यादीत हवे. समुद्रात माणूस हरपल्यावर कुटुंब आमच्याकडे येते आणि मग कळते की नाव कोणी दिलेच नव्हते. नाखवा बांधवांना आमची विनंती आहे की हंगामाच्या आरंभी आपल्या बोटीवरील प्रत्येकाचे नाव, मग तो पालघरचा असो वा परप्रांतातून आलेला, संस्थेमार्फत नोंदवले गेले आहे की नाही हे स्वतः पाहावे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मत्स्यव्यवसायासाठी राष्ट्रीय डिजिटल मंच सुरू केला. तेथे नोंदणी केल्यास मच्छीमार म्हणून ओळख मिळते. खलाशी व विक्रेत्या भगिनींनी ही नोंदणी अवश्य करावी.

त्याच योजनेत पावसाळी बंदीच्या काळासाठी आर्थिकदृष्ट्या मागास मच्छीमार कुटुंबांना साहाय्याची तरतूद आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो. मच्छीमाराने स्वतःचे १५०० रुपये साठवायचे आणि शासनाने त्यात ३००० घालायचे, असे ४५०० रुपये तीन महिन्यांत परत मिळतात. शासनाचा वाटा ६१ दिवसांनी भागला तर दिवसाला पन्नास रुपयेही होत नाहीत. मासळीच्या प्रजननासाठी बंदी हवी, यावर आमच्या कोळी बांधवांचे दुमत नाही; उलट ती १५ ऑगस्टपर्यंत किंवा नारळी पौर्णिमेपर्यंत वाढवावी, अशी त्यांचीच जुनी मागणी आहे. उपाशी राहून समुद्र राखू पाहणाऱ्यांचा भार शासनाने अधिक उचलावा, एवढेच आमचे म्हणणे.

आपत्तीच्या साहाय्याचेही असेच आहे. २०१५ ते २०२० या काळातील केंद्रीय निकषांनुसार पूर्ण नष्ट झालेल्या होडीसाठी ९६०० रुपये मिळत. मे २०२१ च्या तौक्ते वादळात किनाऱ्यावर आदळून फुटलेल्या बोटी ज्यांनी पाहिल्या, त्यांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. निकषांत होडी, जाळे, मत्स्यबीज यांचा उल्लेख आहे, पण वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांचा नाही. अवकाळी पावसाने भात आडवे झाले तर ते पीक ठरते; त्याच सरीत बोंबील सडले तर ते पीक ठरत नाही. नव्या दर्जाची खरी कसोटी आम्हांला येथे दिसते.

या सर्वांहून मोठा प्रश्न मासळीचाच आहे. कर्ज स्वस्त झाले आणि जाळे रिकामे आले तर ते कर्ज फेडायचे कशातून? पर्ससीन जाळ्यांच्या अतिरेकावर डॉ. वि. सो. सोमवंशी समितीने अहवाल दिला आणि त्यावरून ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने आदेश काढला : पर्ससीन मासेमारी केवळ सप्टेंबर ते डिसेंबर, आणि परवाने कमी करीत शेवटी १८२ वर आणायचे. २०१७ साली केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. राज्याचा सागरी मासेमारी कायदा १९८१ चा. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन बेकायदा पर्ससीनला १ ते ६ लाख आणि एलईडी मासेमारीला ५ ते २० लाख रुपये दंड ठरला. कारवाईचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांकडे आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने १२ मैलांपलीकडच्या पाण्यासाठीही नियम जारी केले. त्यांत एलईडी व जोडीने ओढण्याच्या ट्रॉल जाळ्यांना मनाई आहे, तर सहकारी संस्थांना प्राधान्य आहे. कागदावर हे सारे उत्तम आहे. अंधार पडल्यावर दूर समुद्रात दिव्यांची रांग दिसते, तेव्हा तो कागद कोठे असतो, असे आमचे तांडेल विचारतात.

येथे फादर थॉमस कोचेरी यांची आठवण होते. केरळचे हे रिडेंप्टरिस्ट धर्मगुरू देशभरच्या मच्छीमारांच्या संघटनेचे नेते होते. १९९१ च्या धोरणाने खोल समुद्रात परदेशी भागीदारीच्या जहाजांना वाट मोकळी केली, तेव्हा मच्छीमारांनी देशव्यापी संप केले आणि १९९५ मध्ये फादर कोचेरी यांनी पोरबंदर येथे उपोषण केले. त्यातून मुरारी समिती नेमली गेली आणि १९९६ मध्ये तिने दिलेल्या २१ शिफारशींत ते परवाने रद्द करण्याचाही समावेश होता. फादर कोचेरी २०१४ साली देवाघरी गेले.

आज आपल्या दाराशी वाढवण बंदर उभे राहात आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या या बंदराचा पायाभरणी समारंभ झाला. त्याच व्यासपीठावरून मच्छीमार नौकांना संपर्कयंत्रे देण्याच्या राष्ट्रीय योजनेचाही आरंभ झाला. वादळात ते यंत्र जीव वाचवील, याचा आम्हांला आनंद आहे. परंतु बंदराच्या भरावाखाली मासेमारीची जी क्षेत्रे जातील त्यांची भरपाई मोजताना पुन्हा तोच प्रश्न येईल : शेत गेल्यास सातबाऱ्यावरून मोबदला ठरतो, येथे जागेची मालकी कोणत्या कागदावरून ठरवणार? मत्स्यव्यवसाय जर शेतीसमान, तर त्याची जागाही शेतासमान मानावी, अशी मागणी मच्छीमार संस्थांना आता करता येईल. त्यासाठी प्रत्येक गावाने आपल्या मासेमारीच्या जागा, कवी, त्यांचे वापरकर्ते आणि हंगाम यांची नोंद लेखी करून ठेवावी. ज्या धर्मग्रामांत ही नोंद सुरू करावयाची असेल, तेथे नकाशे व लेखनाच्या कामात आमचे युवक साहाय्य करतील; आपल्या धर्मगुरूंकडे नाव द्यावे.